सातबाऱ्यावर कोणाचं नाव

हिवरखेडला मामाच्या ओसरीत दोन दिवस नुसते कागद पसरले होते. कॅलगरीतल्या मामेभावानं २०२० साली आईवडिलांना तिकडे बोलावण्यासाठी नाव नोंदवलं होतं. कॅनडा सरकार पुढची वर्षं त्याच यादीतून निमंत्रणं काढत राहिलं आणि त्याचा नंबर लागला. म्हणजे कायमचं रहिवासीपण. ते नको तर सुपर व्हिसा: दहा वर्षांपर्यंत कितीदाही ये-जा, आणि जुलै २०२२ पासून एका खेपेला पाच वर्षांपर्यंत मुक्काम. अर्ज भरणार मी, ठरवणार मामा-मामी.

मामानं आधी दिवसांचा हिशेब मागितला. कायमच्या रहिवाशानं दर पाच वर्षांत ७३० दिवस तिकडे काढावे लागतात.

"म्हनजे वर्षाले १४६. उलंगवाडी झाली का निघाचं. फेब्रुवारीच्या पहिल्या हप्त्यात गेलो अन मिरगाले वापस आलो, तरी १२० च भरतात. बाकीचे २६ कोठून आनू? पेरनीतून?"

"बेरीज पाच वर्षांची धरतात, मामा. एखाद्या वर्षी जास्त राहा."

"पाऊस थोडीच पाच वर्षांची बेरीज करून पडते, बाबू?"

वावर बटईनं देता येईल, असं मी म्हणालो. तिकडचे रहिवासी झालात तरी ते तुमच्याच नावावर राहील. मात्र एकदा विकलं, तर परदेशात राहणाऱ्याला इथे पुन्हा शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशानं येते तेवढीच.

"मंग सुपर व्हिसाच लिही," मामा म्हणाला.

मामी तूर पाखडत होती. "त्याच्यात आपुन कोन?"

"पाहुणे."

"अन दुसऱ्यात?"

"घरचे. पण त्यासाठी दादाला वीस वर्षांची हमी लिहून द्यावी लागते, की यांचा खर्च सरकारवर पडू देणार नाही. पाहुण्यांसाठी निदान एक लाख डॉलरचा, एक वर्षाचा आरोग्यविमा."

मामाला हमीचं बोचलं. "लेकानं मायबापाले पोसीन म्हून सरकारले लिहून द्याचं?" मी २००७ चा आपला कायदा काढला. त्यात म्हाताऱ्या आईबापांना मुलांकडे निर्वाहखर्च मागता येतो.

"थो भांडन झाल्यावरचा कायदा हाय," मामी म्हणाली. "हे तर पहिलेच लिहून देनं हाय. मले तर चांगलं वाटलं."

मला तिचं पटलं. तरी माझा कल सुपर व्हिसाकडे होता, कारण तो दिवस मोजत नाही. पण तो दुसरं काही मागतो. मुदत संपली की निघू, हे अधिकाऱ्याला पटवावं लागतं. म्हणून लोक बँकेचं पुस्तक, घराचा उतारा, सातबारा जोडतात. मी सातबारा उचलला.

"हा लावला म्हनजे येतो म्हून कबूल केलं," मामा म्हणाला. "मंग यावंच लागन."

"अन मले नसन याचं तर?"

सूप थांबलं होतं. मामानं तिच्याकडे पाहिलं.

"नातीचा लया लागला अन मन नाई झालं, तर हा कागद खोटा झाला ना?"

मी कायद्याचं उत्तर दिलं. कायमचं राहायची इच्छा मनात असणं तिथे गुन्हा नाही. मुदतीत निघू, एवढंच पटवायचं असतं. इच्छा वेगळी, वचन वेगळं.

"इच्छा माही, अन जामीन याहीचं वावर," ती म्हणाली. मग जरा थांबून, "येथून लहान गाडी होती, अकोला-खंडवा. त्या गाडीनं मी माहेरी जाओ. परत येईन का, असं कोनी कधी विचारलं नाई. धरूनच चालत."

ती गाडी २०१७ साली बंद झाली. जिला कधी कोणी विचारलंच नाही, तिला पहिल्यांदा एक परका अधिकारी विचारतो आहे, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. कायमच्या रहिवासीपणात नवरा-बायको एकाच अर्जात बसतात. सुपर व्हिसाला अर्ज दोन, ज्याचा त्याचा.

"माह्या अर्जाले कोनता सातबारा लावतं?"

"मामांचाच. लग्नाचा दाखला जोडला की चालतो."

तिनं कागद हातात घेतला. भोगवटादाराच्या रकान्यात एकच नाव. त्या वावरात निंदण तिचं, वेचणी तिची, डवऱ्यामागं खत देणं तिचं. बोट त्या नावाखालच्या कोऱ्या जागेवर टेकवून ती बसून राहिली.

शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, तेव्हा गावोगावच्या शेतकऱ्यांनी बायकोच्या नावावर जमीन करून दिली होती. पुढे १९९२ साली सरकारनंही नवऱ्याच्या सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावायची सोय केली. तलाठ्याकडे अर्ज, मग फेरफार, असं मी म्हणालो.

"लक्ष्मीमुक्तीच्या सभेले गेलो होतो मी," मामा हळू म्हणाला. "लाल बिल्ला लावून. अर्ज नाई केला."

कोणी काही बोललं नाही. मग त्यानं मला विचारलं, "तलाठी सोमवारी बसते का मंगळवारी?"

"व्हिसासाठी लावत असान तर नोको," मामी म्हणाली.

"व्हिसासाठी नाई."

"मंग एक सांगा." तिनं सातबारा त्याच्या पुढ्यात ठेवला. "नाव लागल्यावर मी तिकडंच राह्यली, तर चालन का?"