शिपायाची दुसरी नेमणूक

सैन्यातील साधा शिपाई पस्तिशी-चाळिशीच्या दरम्यान, म्हणजे अन्य व्यवसायांत माणसाच्या कर्तृत्वाला नुकता बहर येऊ लागतो त्या वयात, निवृत्तिवेतनाचे कागद घेऊन घरी परततो. आणि साताऱ्याकडच्या गावांत ज्याला सारे ‘मेजर’ म्हणून आदराने हाक मारतात, तोच मनुष्य उदरनिर्वाहासाठी शहरात येतो तेव्हा बँकेच्या वा कारखान्याच्या दरवाजावरील पहाऱ्याखेरीज त्याच्यासाठी दुसरे काम सहसा कोणाला सुचत नाही. पहाऱ्याच्या कामात कमीपणा मुळीच नाही. परंतु ज्याने दुर्गम ठाण्यांवर शिधासामग्रीचा चोख हिशेब ठेवला, बिनतारी यंत्रे दुरुस्त केली किंवा कोवळ्या वयाच्या रंगरुटांना हाताशी धरून शिकविले, त्याच्यापाशी समाजाने केवळ धिप्पाड देह आणि आज्ञाधारकपणा एवढेच मागावे, हा मोठा अपव्यय आहे. सरकारी नियमांतही हीच दृष्टी उतरली आहे. केंद्राच्या नोकऱ्यांत माजी सैनिकांसाठी ‘क’ गटात १० टक्के आणि त्याखालच्या ‘ड’ गटात २० टक्के जागा राखीव असतात. पायरी खाली गेली की त्यांचा वाटा वाढतो.

सैनिकाची विद्या नागरी जीवनात किती दूरवर पोहोचू शकते, याचा पुरावा आपल्याच प्रांताच्या इतिहासात आहे. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर १८८६ साली लष्करातून निवृत्त होऊन दापोलीस राहिले. गावच्या शाळेने ज्यांना उंबऱ्याबाहेर ठेवले होते, त्या महार कुटुंबांतील अनेकांना पलटणीने तनख्याबरोबर अक्षरेही दिली होती. त्या अक्षरांच्या बळावर वलंगकरांनी ‘दीनबंधु’ आणि ‘सुधारक’ या पत्रांतून लेखन केले, १८८८ साली ‘विटाळ विध्वंसन’ लिहून सवर्णांपुढे २६ प्रश्न ठेवले, आणि पुढे लष्कराने महारांची भरती बंद केली तेव्हा तिच्याविरुद्धच्या अर्जाचा मसुदाही सिद्ध केला. १८९५ मध्ये महाडच्या लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली, तेव्हा तेथील उच्चवर्णीय सभासद रुष्ट झाले. हुकूम पाळण्यात उमेदीची वर्षे घालविलेला मनुष्य निवृत्तीनंतर समाजाला जाब विचारू लागला, यात मला विसंगती दिसत नाही. शिस्तीने ज्याला स्वतःच्या योग्यतेची खात्री पटवून दिली, तो अन्यायापुढे मान का तुकवील?

त्याच काळातले सुभेदार रामजी सकपाळ महूच्या लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. शिक्षणपद्धतीची जाण असलेल्या या मनुष्याला निवृत्तीनंतर नागरी सरकारने शाळा दिली नाही. साताऱ्यास बांधकाम खात्याच्या कोठारावर आणि नंतर खटाव तालुक्यात, दुष्काळग्रस्तांना मजुरी मिळावी म्हणून चाललेल्या तलावाच्या कामावर रोखपाल म्हणून त्यांनी चाकरी केली. ती त्यांनी निष्ठेने केली. तथापि आपल्यातील शिक्षकाला मात्र त्यांनी निवृत्त होऊ दिले नाही. मुलांचा अभ्यास करून घेणे, त्यांना इंग्रजी आणि मराठी वाचनाची गोडी लावणे, ऐपतीबाहेर जाऊनही पुस्तके पुरविणे, हे सारे घरी चालूच राहिले, आणि त्या घरातील धाकटा मुलगा भीमराव होता. जे खात्याने ओळखले नाही ते कुटुंबात फळले, आणि त्याचा लाभ अवघ्या देशाला झाला. परंतु असे घर न लाभलेल्या किती सुभेदारांची विद्या कोठारातच पडून राहिली असेल?

हा प्रश्न आता अधिक निकडीचा झाला आहे. २०२२ साली सुरू झालेल्या अग्निपथ योजनेनुसार चार वर्षांची मुदत संपल्यावर जास्तीत जास्त २५ टक्के तरुणांनाच सैन्यात कायम करण्याची तरतूद आहे. बाकीचे पंचविशीच्या आतबाहेर, निवृत्तिवेतनाविना, एकरकमी निधी घेऊन परततील. त्यांना केवळ दरवाजे राखावयास लावणे मला अक्षम्य वाटते. जिल्हा परिषदेने, सहकारी संस्थेने, रुग्णालयाने भरतीचे अर्ज छापताना हुद्दा आणि सेवेची वर्षे यांच्यापुढे आणखी एक रकाना ठेवावा: पलटणीत आपण प्रत्यक्ष कोणते काम करीत होता, आणि ते कोणाला शिकविले आहे काय? आणि मुलाखत घेणाऱ्याने तो रकाना सर्वांत आधी वाचावा.