४१६२०९

मोबाइल पालथा ठेवा. कोरा कागद घ्या आणि त्यावर सावकाश लिहा: ४१६२०९. हा गारगोटीचा पिनकोड. भुदरगडात फॉर्म भरताना हात तो न बघता लिहून मोकळा होतो. आज जरा बघू.

आधी पोस्टाचा अर्थ बाजूला काढू. १५ ऑगस्ट १९७२ला पिनकोड सुरू झाला तो श्रीराम भिकाजी वेलणकरांच्या कल्पनेतून. पोस्टखात्यातले अधिकारी आणि संस्कृत कवी, असा हा माणूस. पहिला ४ पश्चिम विभागाचा, पहिले तीन अंक मिळून टपाल या पट्ट्यात आणणारे, शेवटचे तीन पोस्ट ऑफिसचे. एवढं माणसांनी ठरवलं. पुढे जे दिसेल, ते ठरवायला कुणी बसलं नव्हतं.

अंकांची बेरीज करा. बावीस. (अंकज्योतिषवाले पुढे चार करून राहू काढतील; काढू द्या.) बावीसला तीनने भाग जात नाही, म्हणून संख्येलाही नाही, बाकी एक. आता तेराने भागा. घाई नको. बाकी एक. तेवीसने? एक. एकोणतीसने? पुन्हा एकच. इथे थांबा. म्हणजे शेजारच्या ४१६२०८मध्ये हे सगळे नांदतायत: ४८ × १३ × २३ × २९. एका पावलावर एवढी गर्दी, आणि आपली संख्या त्यातल्या कुणालाच दाद देत नाही.

मग ती मूळ संख्या असेल? वाटतं खरं तसं. ३१, ३७, ४१, ४३, ४७, सगळे करून बघा, बाकी उरतेच. आता ५३. त्रेपन्नाची ७८०० पट म्हणजे ४१३४००. उरले २८०९. या २८०९कडे नीट बघा: तो त्रेपन्नाचाच वर्ग आहे. म्हणजे ४१६२०९ = ५३ × ७८५३, आणि ७८५३ला पुढे फोडता येत नाही.

दोन्ही अवयव मूळ, दोघांनाही चारने भागलं की बाकी एक. अशा प्रत्येक मूळ संख्येचे दोन वर्ग होतात: ५३ = ७² + २², ७८५३ = ६७² + ५८². ब्रह्मगुप्ताच्या सूत्राने त्यांचा गुणाकारही दोन वर्गांत मांडता येतो, तोही दोन तऱ्हांनी. ५८५² + २७२². आणि ३५३² + ५४०². पटवून घ्यायला कागदावरच करा, कॅल्क्युलेटरवर केलं तर नुसतं उत्तर हाती येतं.

शेवटी कापरेकरांची रीत. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी १९४९मध्ये दाखवलं, की चार अंकी संख्येचे अंक उतरत्या क्रमाने लावा, त्यातून चढता क्रम वजा करा, हेच करत राहा. चारही अंक सारखे नसतील तर ६१७४ येतेच. सहा अंकांना असा एकच मुक्काम नाही. काही संख्या ५४९९४५ किंवा ६३१७६४वर थांबतात. आपली बघू. ९६४२१० वजा ०१२४६९, आले ९५१७४१. त्याचे ८६०८३२. पुढच्या वजाबाक्या सावकाश तुम्ही करा, मी फक्त उत्तरं सांगतो: ८६२६३२, ६४२६५४, ४२०८७६, ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२. आणखी एक केलीत की पुन्हा ८६०८३२. सात संख्यांची ही फेरी. ४१६२०९ स्वतः तिच्यात नाही. दोन पावलांत आत शिरते आणि मग बाहेर येत नाही.