सैर आणि इब्रत

वर्गात आम्ही ‘सैर’ या शब्दाचा अर्थ फेरफटका असा सांगतो. मूळ अरबी धातूत चालणे आहे आणि कुराणही जमिनीवर फिरून आधीच्या लोकांचा शेवट पाहायला सांगते. मग जंगलातली पडकी देवळे दिवसभर पाहून आम्ही कोणती इब्रत घ्यावी?

मध्य व्हिएतनाममधले मी-सन घ्या. डोंगरांनी वेढलेल्या त्या खोऱ्यात चौथ्या शतकापासून तेराव्या शतकापर्यंत चंपाच्या राजांनी विटांची मंदिरे बांधली, बहुतेक शिवाची. शिलालेख संस्कृतात आणि चाम भाषेत. कुणी चटकन म्हणेल, मूर्तिपूजकांचे वैभव मातीला मिळाले. पण तिथले सर्वांत देखणे मंदिर १९६९ साली अमेरिकन बॉम्बफेकीत गेले. बॉम्बला मजहब नसतो.

शिवाय, ती मंदिरे बांधणाऱ्या चाम लोकांचे कित्येक वंशज आज मुसलमान आहेत. कंबोडियातल्या चामांनी १९७५ ते १९७९ या काळात ख्मेर रूजच्या राजवटीत आपल्या मशिदी उद्ध्वस्त होताना पाहिल्या. एकाच कौमची देवळेही पडली, मशिदीही.

ईमान बदलले म्हणून आजोबांनी रचलेली वीट परकी होते का? आम्हाला वाटते, इबादत वेगळी आणि अमानत वेगळी. त्या मंदिरात आम्ही सजदा करणार नाही. पण ती कारागिरी जपणे हे आमच्यावरही कर्ज आहे. जो दुसऱ्याच्या पडक्या भिंतीवर खूश होतो, त्याला स्वतःची भिंत पडताना इन्साफ कोणत्या तोंडाने मागता येईल?