लेकरू वसतिगृहात आहे, आपण कुठे आहोत?



बारा वर्षांचा येशू सोबतच्या लोकांत असेल, असे समजून मरिया व योसेफ एक दिवसाची वाट चालले (लूक २:४१-५२). शेगावला इंजिनिअरिंगसाठी किंवा दूर पुण्याला मुलांना वसतिगृहात ठेवून आपणही तसेच निश्चिंत होतो. फोनवर मार्क आणि मेसचे जेवण विचारतो. झोप लागते का, कोणी त्रास देतो का, हे विचारायचे राहून जाते.

रॅगिंगविरुद्ध महाराष्ट्रात १९९९ पासून कायदा आहे, १८००-१८०-५५२२ ही मदतवाहिनीही आहे. पण लाजेने गप्प राहिलेले लेकरू कायद्याकडे जाण्याआधी आपल्या प्रेमळ शब्दाची वाट पाहते. मरिया-योसेफ माघारी फिरले, सापडेपर्यंत शोधत राहिले. आपणही रागावण्याआधी ऐकू या, गरज पडल्यास जाऊन भेटू या. प्रभू आपल्या लेकरांना सांभाळो. आमेन.