त्याच्या मानेला हात कुणी लावला?

बसा खाली. आज सराव नाही. मी बोलत असताना कुणी मध्ये तोंड उघडायचं नाही.

काल हंडीच्या पाचव्या थरावरून पोरगा मानेवर आपटला आणि तुम्ही काय केलंत? एकानं काखेत हात घातले, दुसऱ्यानं तंगड्या धरल्या, तिसऱ्यानं मान इकडून तिकडे वळवून पाहिली. मग त्याला उठवून बसवलं, पाणी पाजलं आणि मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये कोंबून हाडवैद्याकडे नेलं, मान बसवून घ्यायला! खांदा मुरगळण्यावर निभावलं, म्हणून तो आज घरी चालतोय. यात तुमचं कर्तृत्व शून्य आहे. आपण मित्राला मदत केली असं ज्याला अजूनही वाटतंय, त्यानं उभं राहावं.

मानेत सात मणके असतात. मणका मोडला तर तो जुळतो. पण त्या मणक्यांच्या पोकळीतून साधारण करंगळीएवढ्या जाडीचा मज्जारज्जू खाली उतरतो, तो चिरडला तर पुन्हा पहिल्यासारखा जोडणारा डॉक्टर अजून जगात नाही. आणि नीट ऐका, मणका मोडला असतानाही मज्जारज्जू शाबूत असू शकतो. अशा वेळी मोडलेला मणका जागचा हलला नाही तर माणूस उद्या चालू शकतो. तुम्ही काखेत हात घालून उचललं की डोकं लोंबकळतं, मणका सरकतो, आणि पडल्यानं जे झालं नव्हतं ते तुमच्या हातून होतं. 'बोटं हलवतोय की, काही झालं नाही' असं काल कोण ओरडत होतं? बोटं हलतात तेव्हाच तर वाचवायला काहीतरी उरलेलं असतं!

आता इजा कुठल्या पातळीवर होते त्यानं काय फरक पडतो ते सांगतो, कारण 'लकवा मारला' एवढंच म्हणून तुम्ही मोकळे होता. श्वासपटल हलवणाऱ्या नसा मानेच्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या पातळीवरून निघतात. त्याच्या वर मज्जारज्जू पूर्ण तुटला तर श्वाससुद्धा यंत्रानं द्यावा लागतो. पाचवी पातळी शाबूत असेल तर कोपर वाकतं, घास तोंडाकडे नेता येतो, पण हातात चमचा बांधावा लागतो. सहावी वाचली तर मनगट वर उचलता येतं, आणि मनगट वर गेलं की सैल बोटं आपोआप मिटतात. त्या मिटण्यावर माणूस पेला धरायला शिकतो. घरचे लोक मायेपोटी ती बोटं रोज ओढून सरळ करतात आणि तेवढी पकडही घालवतात. सातवी वाचली तर कोपर सरळ करता येतं, म्हणजे हातांवर भार देऊन बिछान्यावरून चाकाच्या खुर्चीत स्वतःला सरकवता येतं. एका पातळीचा फरक! तेवढ्यानं ठरतं की जन्मभर दुसऱ्यानं उचलायचं की आपलं आपण उठायचं. काल तुमच्या हातात ती एक पातळी होती.

आणि पायांचंच काय घेऊन बसलात? लघवी कळत नाही, नळी लागते. कातडीला दुखणं कळत नाही, म्हणून बिछान्यात दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर हाडापर्यंत जखमा होतात. छातीचे स्नायू गेले की खोकता येत नाही आणि साध्या सर्दीचा न्यूमोनिया होतो. लघवीची नळी तुंबली तर रक्तदाब एकदम इतका चढू शकतो की जीव जाईल. हे रात्रंदिवस करतं कोण? त्याची आई. सलामीला टाळ्या वाजवणारे नव्हे.

हेल्मेट होतं ना सर, म्हणे. हेल्मेट कवटी वाचवतं, मान नाही. सुपरमॅन झालेला क्रिस्टोफर रीव्ह 1995 साली घोड्यावरून पडला तेव्हा त्याच्या डोक्यावर हेल्मेट होतं. मानेचे वरचे दोन मणके मोडले. 2004 मध्ये तो गेला, तोपर्यंत खुर्ची आणि श्वासाचं यंत्र सुटलं नाही. पैसा होता, उत्तम डॉक्टर होते, तरी सुटलं नाही. उन्हाळ्यात विहिरीत डोक्यावर सूर मारणाऱ्यांनीही हे ऐकावं. पाणी किती आहे ते न बघता उडी टाकलीत आणि डोकं तळाला टेकलं, तर अंगाचा सगळा भार मानेवर येतो. हंडीच्या उंचीवर 2014 मध्ये उच्च न्यायालयानं घातलेलं 20 फुटांचं बंधन 2017 मध्ये उठलं, हे तुम्हाला तोंडपाठ आहे. पडलेल्याला कसं धरायचं हे एकालाही ठाऊक नाही. लाज वाटली पाहिजे.

पडलेला जिथे, जसा आहे तसाच राहू द्यायचा. एकानं डोक्याशी गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी डोकं आहे त्या स्थितीत स्थिर धरायचं आणि मदत येईपर्यंत सोडायचं नाही. दुसऱ्यानं 108 ला फोन करून 'मानेवर पडलाय' हे आधी सांगायचं. मान वळवायची नाही, चोळायची नाही, उशी नाही, पाणी नाही. श्वास थांबला तर मात्र श्वास आधी, तेव्हा मानेसाठी थांबायचं नाही. उलटी आली तर चौघांनी मिळून डोकं, मान आणि पाठ एका रेषेत ठेवून कुशीवर करायचं. पाण्यातून काढायचा असेल तर तोंड वर ठेवून, फळीवर.

उद्या संध्याकाळी मैदानावर एकेकानं हे मला करून दाखवायचं. ज्याला जमणार नाही त्याला यंदा पथकात जागा नाही, मग तो कितव्याही थरावरचा असो.