माळावर जाताना

सोलापूर

चि. ओंकार यास,


रविवारी तुम्ही मित्र नान्नजच्या माळढोक अभयारण्यात जाणार, असे तुझी आई म्हणाली. अभयारण्य १९७९ सालचे. माळढोक दिसेल अशी फार आशा धरू नकोस, काळवीट मात्र दिसतील. चप्पल नको, बूट घाल. पँट मोज्यात खोच. बावळट दिसशील, दिसू दे.

खरचटले तर पिण्याच्या पाण्याने भरपूर धू. रक्त थांबेना तर रुमालाची घडी दहा मिनिटे दाबून धर. सारखी उचलून बघू नकोस. जखमेत हळद, चुना, तंबाखू भरणारे शहाणे सगळीकडे भेटतात. त्यांचे ऐकू नकोस. फुरसे चावलेच, तर बांधाबांध, चिरफाड काही नाही; पाय हलू न देता १०८ ला फोन.

आता गोचीड. माळावर मेंढरे चरतात, तिथे तो असणारच. चावलेला कळतही नाही. म्हणून घरी आल्यावर अंघोळीच्या वेळी कानामागे, काखेत, जांघेत, गुडघ्यामागे आणि कमरपट्ट्याच्या जागी नीट बघ. तिळाएवढा काळा ठिपका नखाने निघेना, तर तोच. त्यावर रॉकेल ओतणे, उदबत्तीचा चटका देणे हे आमच्या वेळचे उद्योग. त्याने गोचीड बिथरतो आणि तोंडातली लाळ जखमेत सोडतो. आजार त्या लाळेतूनच येतो. बारीक टोकाचा चिमटा घे, कातडीला अगदी लागून त्याला धर आणि न पिळता, न झटकता सावकाश सरळ वर ओढ. पोट दाबायचे नाही, बोटांनी चिरडायचे नाही. तोंडाचा तुकडा आत राहिला आणि सहज निघेना, तर उकरत बसू नकोस. जागा आणि हात साबणाने धू.

घाबरवत नाही. १९५७ मध्ये शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात सापडलेला माकडताप २०१६ मध्ये सिंधुदुर्गात दोडामार्गकडे पसरला, तो गोचिडामुळेच. ते दाट जंगल, आपला उघडा माळ. पण गोचिडाचा आजार एवढा एकच नाही. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, डोकेदुखी किंवा अंगावर पुरळ आले, तर डॉक्टरांना गोचिडाचे आपणहून सांग. ते विचारतीलच असे नाही.

तुझे आजोबा

ता. क. धनुर्वाताचे इंजेक्शन शेवटचे कधी घेतलेस, ते आईला आजच विचार.