न केलेल्या कर्माचे फळ

केलेल्या कर्माचे फळ बुडत नाही आणि न केलेल्या कर्माचे फळ वाट्याला येत नाही, हे कर्मसिद्धान्ताचे दोन खांब. म्हणूनच कृतनाश आणि अकृताभ्यागम हे आपल्या दर्शनांनी मोठे दोष मानले. डायइथिलस्टिल्बेस्ट्रॉल, म्हणजे डीईएस, या औषधाचा इतिहास यातल्या दुसऱ्या खांबालाच धक्का देतो. १९३८ साली इंग्लंडमध्ये चार्ल्स डॉड्स आणि सहकाऱ्यांनी तयार केलेले हे कृत्रिम इस्ट्रोजेन पुढे अमेरिकेत, गर्भ पडू नये म्हणून, असंख्य गरोदर स्त्रियांना दिले गेले. १९७१ मध्ये आर्थर हर्ब्स्ट आणि सहकाऱ्यांनी बोस्टनमधल्या आठ तरुण रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. योनिमार्गाचा दुर्मिळ कर्करोग झालेल्या या आठजणींपैकी सातजणींच्या आयांनी गरोदरपणी डीईएस घेतले होते. तुलनेसाठी निवडलेल्या ३२ जणींपैकी एकीच्याही आईने ते घेतले नव्हते.

त्या मुलींनी काय केले होते? पूर्वजन्मीचे काहीतरी असेल, हे उत्तर श्रद्धावंताला धीर देईलही. पण तेवढ्यावर थांबलो तर या जन्मात ज्यांनी गोळी बनवली, विकली, लिहून दिली, ते सगळे आपोआप सुटतात. मग बोट आईकडे वळते, आणि तो तर उघड अन्याय आहे. बाळ वाचावे म्हणून डॉक्टरांवर विश्वास ठेवणे हा अपराध कसा?

यावर कुणी म्हणेल, डॉक्टर-उत्पादकांचा हेतूही वाईट नव्हता. बुद्धाने चेतनेलाच, म्हणजे हेतूलाच, कर्म म्हटले. हेतू शुद्ध असेल तर पाप कसले? मला इथे जैन आचार्य उमास्वातींचे तत्त्वार्थसूत्र अधिक नेमके वाटते. त्यांनी हिंसेच्या व्याख्येतच प्रमाद, म्हणजे बेसावधपणा, घातला आहे. त्यामुळे प्रश्न हेतूवरून सावधपणाकडे येतो. शिकागो विद्यापीठात सुमारे १६०० गर्भवतींवर झालेल्या चाचणीत डीईएसचा काहीच उपयोग दिसला नाही, आणि तो निष्कर्ष १९५३ मध्येच छापून आला. तरीही अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने गर्भवतींना ते देऊ नये असे बजावायला १९७१ उजाडले. गर्भातल्या मुलींना पुढे कर्करोग होईल याची कल्पना तेव्हा नव्हती, हे खरे. पण ज्याचा लाभ सिद्ध होत नाही असे प्रबळ संप्रेरक वाढत्या गर्भापर्यंत पोहोचू देणे हाच प्रमाद होता. त्यासाठी पुढचे अरिष्ट नेमके ठाऊक असण्याची गरज नव्हती.

इतकी सावधगिरी बाळगली तर एकही औषध वापरता येणार नाही, हा आक्षेप रास्त आहे. मात्र आईचा जीव वाचवणारे औषध आणि निरुपयोगी ठरलेले औषध यांना एकच माप लावा, असे कुणीच म्हणत नाही. धोका पत्करायचा तर त्याच्या बदल्यात खरा लाभ हवा, एवढेच मागणे आहे. आज प्लास्टिकमधल्या बिस्फेनॉल-ए आणि थॅलेट यांविषयी बोलतानाही हेच लागू पडते. डीईएसइतका ठाम पुरावा त्यांच्याबाबत नाही आणि तसे भासवूही नये. पण संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करणारे रसायन बाजारात आणणाऱ्याने ते निर्धोक असल्याचे दाखवावे. ते घातक आहे हे सिद्ध करण्याचा भार गर्भवतीवर टाकू नये. जो अजून जन्मलाच नाही तो संमती देऊ शकत नाही, तक्रारही करू शकत नाही. न केलेल्या कर्माचे फळ कुणाला मिळू नये असे आपण खरोखर मानत असू, तर ते मिळणार नाही याची व्यवस्था करणे हे आपलेच कर्म आहे.